हवेचा विटाळ

यंत्राला जात कळत नाही, अशी ओळ कंपनीच्या माहितीपत्रकावर सगळ्यात वर छापलेली होती. ती डॉ. यशोधरा वाव्हळे हिने लिहून दिली होती, आणि अगदी मनापासून. त्याच यंत्राने आज भर दुपारी तिच्या आईला दारात अडवून धरलं.

पहारेकऱ्याचा फोन आला तेव्हा यशोधरा भाकरी थापत होती. परभणीहून आई या घरी पहिल्यांदाच यायची होती, आणि तीही कायमची, म्हणून तिने रजा टाकली होती.

"मॅडम, एक आजी आल्यात. तुमचं नाव सांगतायत. पण पारखी लाल दाखवतेय. सेवाद्वाराकडे पाठवू का?"

पिठाच्या हातांनी ती तशीच खाली धावली.

'नभांगण' ही पुण्याच्या पश्चिमेला टेकडी फोडून उभी केलेली वसाहत. तिच्या काचेच्या मोठ्या दरवाजाच्या चौकटीत 'पारखी' बसवलेली होती. माणूस चौकटीत उभा राहिला की वरून मंद वारा यायचा, खाली जाळीतून हवा ओढली जायची आणि अर्ध्या मिनिटात दिवा लागायचा. हिरवा लागला की दरवाजा उघडायचा. गयाबाई त्या काचेबाहेर आपल्या बोचक्यावर बसली होती आणि डोक्यावर लाल दिवा पेटून टूंटूं वाजत होता. तेवढ्यात सहाव्या मजल्यावरचा कुत्रा मालकासोबत फिरून परत आला. त्याला हिरवा दिवा लागला आणि तो शेपूट हलवत आत गेला.

"यशू, हे कामून बोंबलायलंय गं?" गयाबाई काचेतून ओरडली. "म्या तर कशालाच हात लावला नाही!"

यशोधराच्या अंगाची लाही लाही झाली. तिने पहारेकऱ्याला दरवाजा उघडायला सांगितलं. तो बिचारा कानकोंडा झाला.

"माझ्या हातात नाही मॅडम," तो म्हणाला. "तुमचंच मशीन आहे."

आणि ते खरंच होतं.

सात-आठ वर्षांपूर्वी फुप्फुसज्वराची मोठी साथ आली, तेव्हा यशोधरा संशोधन संस्थेत नुकती लागली होती. माणसाच्या कातडीवर, केसांत, श्वासात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. माणूस नुसता उभा राहिला तरी त्यातले लाखो कण हवेत सोडत असतो, म्हणजे प्रत्येकाभोवती एक न दिसणारा ढग असतो म्हणा ना. यशोधराने तो ढग वाचायची युक्ती काढली. हवा ओढायची, त्यातल्या जिवाणू-विषाणूंची जनुकं वाचायची, आणि घातक रोगांच्या मोजक्या जंतूंपैकी एखादा सापडला तरच दिवा लाल करायचा. रुग्णालयांच्या दारात पहिल्या पारखी बसल्या, आणि त्यांनी खरोखर माणसं वाचवली.

साथ सरली. मग कंपनीने तिला मोठ्या पगारावर बोलावून घेतलं आणि पारखी वसाहतींना विकायला काढली. पण वसाहतीत रोगी सापडेनात. दिवा महिनोन्‌महिने हिरवाच. लोक विचारू लागले, हे चालू तरी आहे का? तेव्हा विक्रीप्रमुखाने सुचवलं की ठराविक जंतू शोधण्यापेक्षा 'अनोळखी ढग' शोधावा. कारण फुप्फुसज्वर तरी आला तेव्हा कुठे कोणाच्या ओळखीचा होता? मुद्दा बिनतोड वाटत होता. यशोधराने नवं वाचन लिहून दिलं. वसाहतीतल्या मालकांच्या ढगांची सरासरी काढायची आणि त्यापासून जो जितका दूर तितका तो लाल.

आता एका छपराखाली राहणाऱ्यांचे ढग एकमेकांत मिसळतात, एकाच टाकीचं पाणी पिणाऱ्यांचेही. त्यामुळे नभांगणातली माणसं हिरवी, त्यांची कुत्री हिरवी. आणि जिथे दहा घरांना एक नळ, अंगणात कोंबड्या, उशाला शेळी, तिथली माणसं लाल. ती आजारी नव्हती. उलट त्यांचे ढग जास्त समृद्ध होते, हे कोणत्याही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने सांगितलं असतं. पण कोणी विचारलंच नव्हतं. नव्या मालकाला 'रुळायला' महिनाभर सवलत मिळायची, यशोधरालाही मिळाली होती. कामाला येणाऱ्या बाईला कितीही वर्षं झाली तरी सवलत नव्हती, कारण संध्याकाळी ती आपल्या वस्तीत परत जायची.

जात कोणी विचारत नव्हतं. हवा मोजत होते फक्त. सुंभ जळला होता, पीळ तसाच होता, आणि त्याला आता शास्त्राचं प्रमाणपत्र मिळालं होतं.

सेवाद्वार मागच्या बाजूला, कचऱ्याच्या खोलीशेजारी होतं. तिथे बायकांची रांग होती. एका खोलीत औषधी वाफ घ्यायची, वरून पायघोळ पांढरा डगला चढवायचा, मग वेगळ्या लिफ्टने वर जायचं. यशोधरा आईबरोबर रांगेत उभी राहिली. नभांगणात राहायला येऊन दोन वर्षं झाली, पण ती या बाजूला एकदाही आली नव्हती.

"आजी, आत गेलं की तोंडावर पदर धरा," पुढची बाई मागे वळून म्हणाली. "वाफ घशाला लई लागती." ती हौसाबाई. चेअरमन देवस्थळींच्या घरी त्यांची तीन वर्षांची नात अन्विता हिला सांभाळायची. अन्विताचे आईवडील सकाळी जात ते दिवेलागणीला येत.

गयाबाई वाफेतून खोकत खोकत बाहेर आली. डगल्याच्या बाह्या हातभर खाली लोंबत होत्या. "काय गं हौसा," ती म्हणाली, "आत्ता मला कोणी इचारलं तर सांगीन, डाक्टरीणबाईची माय डाक्टर झाली." हौसाबाई खळखळून हसली. यशोधराला मात्र हसू येईना. तिला स्वतःचा इतका राग आला होता की डोळे भरून आले.

"तू कामून रडायलीस? मला काय झालंय?" गयाबाईने डगल्याच्या बाहीनेच तिचे डोळे पुसले.

जेवताना तिने एकच गोष्ट सांगितली. ती आणि तिची सासू गावात सुईणपण करायच्या. "पाटलाच्या सुनंचं बाळंतपण अडलं व्हतं. तव्हा कोणी इचारलं नाही, बाई तू कोणाची. लेकरू जगात आलं ते पैलं मव्ह्याच हातात आलं. मग पाचवी झाली. घर सारवलं, गोमूत्र शिंपडलं, अन्‌ मला भाकर वरून टाकली." तिने यशोधराच्या ताटातली मिरची उचलली. "हितं निदान वाफ तरी ऊन हाय. पण यशू, म्या रोज उकडून घ्यायची नाही. चार रोज राहीन अन्‌ परभणीला जाईन."

परभणीला तिचं कोणी उरलं नव्हतं. मोतीबिंदू पिकला होता. एकटीने स्टो पेटवताना दोनदा पदर जळला होता. यशोधराला ती इथेच हवी होती, काहीही करून.

नियम बदलावा म्हणून तिने समितीला गाठायचं ठरवलं, पण त्याआधीच बालवाडीचा प्रकार घडला.

नभांगणाने आवारातच बालवाडी काढली आणि हौसेने तिच्याही दाराला पारखी लावली. पाच वर्षांखालची मुलं आजवर कडेवरून किंवा ढकलगाडीतून आत-बाहेर जायची, त्यामुळे त्यांची मोजणी कधी झालीच नव्हती. उद्घाटनाला सनई लावली होती, मुलांच्या आईंनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या. देवस्थळींनी फीत कापली आणि नातीचं बोट सोडलं. अन्विता एकटी चौकटीत उभी राहिली.

दिवा लाल झाला.

लोक हसले. मशीन गोंधळलं असेल म्हणाले. मग दुसरं मूल गेलं. लाल. तिसरं लाल. चौथं हिरवं, ते आजीजवळ वाढणारं होतं. पुन्हा लाल. सनई कोणीतरी बंद केली. अन्विताची आई मृण्मयी धावत जाऊन मुलीला घेऊन आली. तिने पोरीचा फ्रॉक झटकला, जणू काही धूळ लागली होती.

यशोधराला पहिल्या तीन मुलांतच उमगलं होतं. यंत्र बिघडलं नव्हतं. मूल ज्या कुशीत झोपतं, ज्या हातचा घास खातं, त्याच माणसाचा ढग पांघरतं. या मुलांनी दिवसभर हौसाबाईच्या, इंदूबाईच्या, सकीनाच्या मानेत तोंड खुपसलेलं होतं. पारखीने फक्त खरं ते सांगितलं होतं, की हे लेकरू कोणी वाढवलं. सगळ्या वसाहतीला हे विसरायला झालं होतं. मालकांची सरासरी काढताना, आपल्या घरात दिवसभर कोण असतं याचा हिशेबच कोणी धरला नव्हता.

संध्याकाळी देवस्थळी स्वतः यशोधराच्या घरी आले. बँकेतून निवृत्त झालेला, मृदू बोलणारा माणूस. कधी कोणावर आवाज चढवला नसेल. त्यांनी गयाबाईला वाकून नमस्कारही केला.

"डॉक्टर, रविवारी सभा आहे," ते म्हणाले. "तुम्ही एवढंच सांगायचं, की लहान मुलांचं वाचन भरवशाचं नसतं. म्हणजे मालकांच्या मुलांना आपण कायमचा हिरवा देऊन टाकू. लोक घाबरलेत हो. तुमच्या शब्दाला वजन आहे."

"पण वाचन बरोबर आहे."

"असेल. पण बरोबर असून चालत नाही ना." ते थोडे पुढे झुकले. "त्याच ठरावात आपण आईंनाही 'कुटुंब-हिरवा' देऊ. मोठ्या दाराने येतील-जातील. वाफ नाही, डगला नाही."

यशोधराने आईकडे पाहिलं. गयाबाई खिडकीशी बसून डाळ निवडत होती.

"आणि हौसाबाईंना?"

"त्यांच्यासाठी त्याच ठरावात नियम करतोय. हातमोजे घालायचे. मुलांना उचलायचं नाही, भरवायचं नाही, जवळ निजवायचं नाही."

"मग सांभाळायचं कसं?"

"लक्ष ठेवायचं," देवस्थळी निर्मळपणे म्हणाले. उठता उठता त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "डॉक्टर, तुम्ही आता आपल्यातल्या आहात. सांभाळून घ्या."

ते गेल्यावर यशोधराने आईला सगळं समजावून सांगितलं. एक वाक्य बोलायचं, बस. कोणाचं काही बिघडत नाही. मुलं शाळेत जातील, आई इथे राहील, डोळ्याचं ऑपरेशन होईल. बोलताना तिला स्वतःलाच ते फार रास्त वाटायला लागलं होतं.

"म्हंजी मला हिरवं कराया तू खोटं बोलायचं."

"एवढंसं खोटं, आई."

"अन्‌ हौसा?"

यशोधरा डाळीत उगाच खडे शोधू लागली.

गयाबाईने डाळीतला खडा खिडकीबाहेर टाकला. "पाटलीणबाई बी म्हणायची, गया, तू येगळी गं, तू आमच्यातली. पण भाकर वरूनच टाकायची."

सभा रविवारी सकाळी मोठ्या दरवाजाच्या आतल्या दालनात भरली. कंपनीचा विक्रीप्रमुखही आला होता. मुलं घरी एकटी कशी ठेवायची म्हणून सगळ्यांनी ती बरोबर आणली होती. मुलं होती म्हणून सांभाळणाऱ्या बायकाही आल्या होत्या, डगले घालून मागच्या भिंतीशी उभ्या. यशोधरा गेला आठवडाभर आईच्या ताटात जेवत होती, आईच्या गोधडीत झोपत होती. आज सकाळी पारखीने तिला पिवळा, म्हणजे हिरव्या-लालच्या मधला दिवा दाखवला होता.

देवस्थळींनी प्रास्ताविक केलं आणि तिला बोलायला बोलावलं.

"वाचन भरवशाचं आहे," यशोधरा म्हणाली. "तुमची मुलं लाल आहेत, कारण ती या मागे उभ्या असलेल्या बायकांनी वाढवलीत. आणि लाल म्हणजे आजारी नव्हे. लाल म्हणजे फक्त 'आपल्यातला नाही'. ही सोय मीच करून दिली, त्याचा मला आज संताप येतोय. पारखीत माझं जुनं वाचन अजून आहे. ते फक्त घातक रोग शोधतं. मी ते आता चालू करते. सगळ्यांनी एकदा दारातून जाऊन या. ज्याला रोग असेल तो कळेल."

विक्रीप्रमुख उठला, पण तोवर तिने पारखीच्या पडद्यावर बोट टेकवलं होतं. लोक कुरकुरले, पण रोगाचं नाव काढल्यावर कोणाला मागे राहवेना. देवस्थळी गेले, हिरवा. मृण्मयी अन्विताला कडेवर घेऊन गेली, हिरवा. एकेक घर गेलं. मग गयाबाई गेली. दरवाजा उघडला तशी ती दचकली आणि मागे बघून म्हणाली, "अगं बया, मला बी?" बायका भिंतीपासून हलेनात. शेवटी हौसाबाई पुढे झाली. तीन वर्षांत तिने त्या दाराची काच कित्येकदा आतून पुसली होती, त्यातून ये-जा कधी केली नव्हती. ती अंग चोरून चौकटीत उभी राहिली. हिरवा. इंदूबाई हिरवी, सकीना हिरवी. पहारेकरी हिरवा. सगळे परत येऊन उभे राहिले. नभांगणात एकही माणूस रोगी नव्हता.

यशोधराला वाटलं, आता कोणीतरी सुटकेचा निःश्वास टाकेल.

"सगळेच हिरवे?" देवस्थळींनी विचारलं. त्यांच्या स्वरात खरीखुरी काळजी होती. "मग हे यंत्र आपण घेतलं कशाला?"

कोणी हसलं नाही. उलट माना डोलल्या. बरोबर आहे, असं दोघं-तिघं म्हणाले. सगळ्यांनाच आत सोडायचं तर दार कशाला, एकजण म्हणाला. विक्रीप्रमुखाने लगेच सांगितलं की नवं वाचन आजच पूर्ववत करता येईल आणि मालकांची मुलं वगळायची व्यवस्थाही करता येईल, त्यासाठी डॉक्टरांच्या मताची गरज नाही. यशोधरा ऐकत होती आणि तिचे कान तापत होते. या माणसांना रोगाची भीती कधीच नव्हती. त्यांना खालचं कोणीतरी हवं होतं, आणि कोण ते सांगायची कटकट आपल्या तोंडाला नको होती, म्हणून त्यांनी यंत्र विकत घेतलं होतं. तिने गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढून विक्रीप्रमुखाच्या पुढ्यात टाकलं.

"तुम्हाला माणसं निवडायचीत ना? मग स्वतःच्या तोंडाने निवडा. माझ्या शास्त्राच्या आड लपू नका."

"भावना समजतात, डॉक्टर," देवस्थळी म्हणाले. "ठराव मतास टाकतो. पारखी पूर्ववत, मालकांची मुलं वगळून. सांभाळणाऱ्यांनी मुलांना स्पर्श करायचा नाही. बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

अन्विता मृण्मयीच्या खांद्यावर झोपली होती. पोरगी जड होती. हात मोकळा व्हावा म्हणून मृण्मयीने, रोज करायची तसं, मागे न बघताच तिला हौसाबाईकडे दिलं.

हौसाबाईने घेतलं नाही. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हौसाबाई, धरा ना," मृण्मयी दबक्या आवाजात म्हणाली.

"उचलायचं न्हाई म्हनला ना, ताई." हौसाबाई म्हणाली. "त्याच्यासाठीच हात वर करताय ना तुमी?"

अन्विता जागी झाली. समोर हौसाबाई दिसताच तिने हात पसरले. हौसाबाईने ओठ दाताखाली दाबला, पण हात पुढे केले नाहीत. पोरीने टाहो फोडला. शेजारी इंदूबाईने हात मागे नेले. मग सकीनाने. भिंतीशी उभ्या प्रत्येकीने नेले. एका मुलाचं ऐकून दुसरं रडायला लागलं, दुसऱ्याचं ऐकून तिसरं, आणि त्यांना कसं गप्प करायचं हे त्या दालनात ज्यांना ठाऊक होतं त्यांनीच हात बांधून घेतले होते. आयाबाप मुलांना थोपटत, झुलवत, पुढे फोन नाचवत उभे होते. एका बापाने तर रडणाऱ्या लेकाला विचारलं, तुला नेमकं काय हवंय रे?

"बाजूने किती?" देवस्थळी गोंगाटावरून ओरडले. हात मोजकेच वर होते, ज्यांच्याजवळ मुलं नव्हती त्यांचे. "विरोधात?" विरोधात यशोधराचा एकच होता. ठराव मंजूर झाला.

हौसाबाईने डगल्याचे बंद सोडले, डगला घडी करून खुर्चीवर ठेवला आणि ती मोठ्या दरवाजाकडे चालू लागली. तिच्यामागे बाकीच्या निघाल्या. यशोधराने आईचा हात धरला आणि त्याही निघाल्या. जुनं वाचन बंद करायचं अजून कोणाला सुचलं नव्हतं, त्यामुळे पारखी प्रत्येकीला हिरवा दिवा दाखवत दार उघडत होती. मागून मृण्मयी हाका मारत होती, हौसाबाई, अहो निदान हिला गप्प तरी करून जा. हौसाबाई पायरीवर थांबली. तिने पदराने तोंड पुसलं, आणि मागे न बघता ती रस्त्याला लागली.